नाव दुलीचंदचं, बोटं वसंताची

अन् मी म्हणते, माणसाची बोटं तुटली हे पाहायले कचेरी कायले लागते? डोळे आहेत ना! हात समोर आहे, हातावर मधली तीन बोटं नाईत, अंगठा अन् करंगळी तेवढी दोन टोकाले उभी आहे... तरी इचारतेत, बोटं कोणाची? पुन्हा इचारतेत, नीट सांग बाई, बोटं कोणाची? अवो, ज्याच्या हातावर नाईत त्याची! पण नाई. तुम्हाले सांगते, ह्या एका सवालापायी त्या सीतेचा जीव इतका आटला का बाप्पा, मी नुसती तिची शेजारीण, नुसती संगं गेलती, तरी मले अजून झोपेत तोच सवाल आयकू येते.

सीता म्हणजे वसंताची बायको, माह्या भिंतीले भिंत लागून. गरीब पोरगी, चुलीपाशी बोलली त दारात आयकू येत नाई. वसंता मजूर माणूस, भेटन ते काम करे. खरा नोकरीवाला होता दुलीचंद. दुलीचंद कोण? त सीतेचा पाठचा भाऊ, म्हणजे वसंताचा साळा. तो आरा मिलमध्ये पक्का होता. आता बालाघाटात आरा मिलमध्ये पक्कं असणं म्हणजे काय सांगू तुम्हाले, लोकं घरी येऊन पोरगी देतेत! जंगलातून सागवानाचे लठ्ठे ट्रकानं येऊन राह्यले, पट्टा फिरून राह्यला, आरा असा कर्रर्र करते का आख्ख्या मोहल्ल्याचे दात आंबतेत, अन् त्या आऱ्यासमोर उभं राहून दुलीचंद लाकूड सरकवे. त ह्या दुलीचंदले झाली कावीळ. डोळे पिवळे, अन्न घशाखाली जाईना. अन् मिलची रीत कशी, लय दिवस गैरहजर राह्यला का नाव कटलं! मंग आपले लोकं काय करतेत? बदली देतेत. नाव दुलीचंदचं, अन् जाते वसंता. सारेच करत होते, त्यात लपवायचं काय? मोतीलाल मुन्शीले माहीत होतं, त्याले एक कोंबडा पोचला होता. तो सकाळी ओरडे, "दुलीचंद!" वसंता म्हणे, "हाजर!" मंग तोच मोतीलाल दिवसभर "वसंता, इकडे ये, वसंता, लाकूड धर" करे. कोणाचं काय बिघडत होतं?

अन् एक दिवस बिघडलं. ओलं लाकूड होतं, मधात गाठ होती, आऱ्यानं गाठ धरली अन् लाकूड असं उसळलं का संगं हात आत ओढला. आऱ्यावर लोखंडाचं झाकण असते, पण शेठनं ते काढून कोपऱ्यात ठेवलं होतं, झाकणानं काम हळू होते म्हणे! वसंता ओरडलाही नाई. नुसता हाताकडे पाह्यला अन् खाली बसला. मोतीलालनं त्याले सायकल-रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तिथं इचारलं, "नाव?" वसंता बेशुद्ध. अन् मोतीलालच्या तोंडून हाजरीच्या सवयीनं निघालं, "दुलीचंद!" झालं! मिलच्या कागदावर दुलीचंद, दवाखान्याच्या कागदावर दुलीचंद, अन् खरा दुलीचंद घरी खाटेवर बसून उसाचा रस पिऊन राह्यला, दहाच्या दहा बोटानं गिलास धरून! आता सांगा, बोटं कोणाची?

वसंता घरी आला त मले पाहावे ना. उजवा हात वो! धोतराची गाठ मारता येईना, घास तोंडात जाईना, कुऱ्हाड त दूरच राह्यली. मजुराचा उजवा हात गेला म्हणजे राह्यलं काय? सीता आनंदीले, म्हणजे तिच्या पोरीले, मांडीवर घेऊन नुसती त्या पट्टीकडे पाहे. शेठकडे माणूस धाडला, त शेठ म्हणे, "अपनी गलती से काटा, हम क्या करें?" मले असा राग आला का वाटलं, जाऊन त्या शेठले म्हणाव, या ना, एक बोट घाला त्यात!

तवा आला भोजराज. भोजराज म्हणजे युनियनवाला, खांद्यावर झोळी, घरात चहा पीत असला तरी समोर सभा बसली आहे असा बोलते. "कायदा आहे वहिनी! कामावर हात गेला त मालकाले भरपाई द्याच लागते! साहेबासमोर केस लावू!" सीतेच्या डोळ्यात पहिल्यांदा जरा उजेड आला. मंग वसंतानं हळूच बदलीचं सांगतलं. भोजराज मटकन खालीच बसला. चहा तसाच हातात. म्हणे, "मेलो! खरं सांगतलं त शेठ म्हणन, हा वसंता कोण? हा आमचा माणूसच नाई! मंग भरपाई गेली, दुलीचंदची नोकरी गेली, अन् फसवलं म्हणून आत जा ते वेगळंच." मंग भोजराज वसंताच्या खांद्यावर हात ठेवते अन् म्हणते, "त आता एकच इलाज. आजपासून तू दुलीचंद." अन् खऱ्या दुलीचंदले रातोरात परसवाडा गावाले मामाकडे पाठवलं, म्हणलं, निकाल लागतपर्यंत तोंड दाखवू नको, अन् हात त बिलकुलच दाखवू नको!

आता गवाही लागते ना? सीतेची ठरली. भोजराज रोज येऊन पढवे. "साहेब इचारन, नवऱ्याचं नाव काय?" सीता म्हणे, "दुलीचंद." "जोरात!" "दुलीचंद!" अन् काय सांगू तुम्हाले, एवढी लाजरी पोरगी, पण हे नाव कसं खणखणीत घे! घेणारच ना, लहानपणापासून नदीच्या ह्या काठावरून त्या काठावर "ए दुल्याऽऽ" करत आली ते! भोजराज खूश. "शाबास वहिनी, अटकल्या नाईत!" वसंता खूश. मी तिथंच तांदूळ निवडत बसलेली, मीही खूश. सारे पाहून राह्यले का नाव बरोबर येते का नाई. ते कसं येते, हे कोणीच पाह्यलं नाई. भोजराजचं त लग्नच झालं नव्हतं, त्याले काय कळते!

तारीख लागली. अवो, कचेरीत पाय ठेवला अन् सीतेनं माह्या पदराचं टोक धरलं ते सोडेच ना. मी म्हणलं, "काहून भेतेस, मी आहो ना." अन् मीच तिच्यामागं लपून चालली! समोर भरपाईवाले साहेब, चष्मा नाकावर, बोलणं सारं हिंदीत. पहिले नागपूर आपलं होतं त साहेबही मराठी भेटे, आता भोपाळचं राज्य, काय करता! बाजूले शेठ अन् शेठचा वकील. गुणाकर वकील. आपल्याच गावचा मराठी माणूस, काळा कोट, बोलणं असं गोड का आंगावर काटा यावा. पहिले उभा केला मोतीलालले. "आऱ्यावर कोण होतं?" मोतीलाल छातीवर हात ठेवून म्हणते, "दुलीचंद, साहेब." म्हणणारच, कोंबडा पचला होता. मंग वसंता. "नाम?" वसंता म्हणते, "दु... दुलीचंद." साहेबानं चष्म्यावरून पाह्यलं. भोजराजनं डोळे मिटले. मले वाटलं, आता जाते हे सारं पाण्यात. पण साहेब पुढं गेला. अन् बोलावलं सीतेले.

गुणाकर वकील उठला. कोट झटकला. हसला. "बाई, घाबरू नका हं. मी तुम्हाला एकच साधा प्रश्न विचारणार आहे. तुमच्या यजमानांचं नाव काय?"

सीता ताठ उभी राह्यली अन् घंटी वाजवावी तसं म्हणते, "दुलीचंद!"

"पुन्हा सांगा, साहेबांना ऐकू आलं नाही."

"दुलीचंद!"

"म्हणजे हे जे बसलेत, हे दुलीचंद?"

"हौ. दुलीचंद!"

भोजराजनं माह्याकडे असं पाह्यलं का जसं इलेक्शन जिंकलं. अन् त्या वकिलानं काय करावं? तो गर्रकन मागं फिरला, सरळ माह्याकडे बोट! "त्या मागच्या मावशी, जरा उभ्या राहता का?" मी? मेली मी! उभी राह्यली. "आपलं नाव?" "शेवंताबाई." "वा. आणि आपल्या मालकांचं नाव काय?"

आता बाप्पा, मले काय ठाऊक तो काय करून राह्यला! माह्या तोंडावर आपोआप पदर आला. मी खाली पाह्यलं. म्हणलं, "इश्श, असं काय इचारता चारचौघात!" अख्खी कचेरी हसली. वकील म्हणते, "सांगा की." मी म्हणलं, "घरचे घरी आहेत, त्याइलेच इचारा ना." पुन्हा हसली कचेरी. फक्त साहेब हसला नाई. अन् वकिलाचा आवाज असा बदलला, गोडवा सारा उडाला. "साहब, मेरी पत्नी अलकनंदा मैट्रिक पास है, बीस साल में एक बार मेरा नाम नहीं लिया। हमारे यहाँ कौन औरत पति का नाम मुँह पर लाती है? और यह देहात की बाई तीन बार ढोल पीटकर बोल गई! साहब, औरत अपने पति का नाम ऐसे नहीं लेती। ऐसे भाई का नाम लिया जाता है। यह आदमी दुलीचंद है ही नहीं। यह धोखा है!"

तुम्हाले सांगते, तवा कळलं मले. मीच फसवलं ना! मीच उभी राहून पदर घेतला! भोजराजच्या हातातली झोळी पडली. वसंताचा पांढरा चेहरा. साहेबानं टेबलावर हात आपटला. "यह क्या तमाशा है? झूठी गवाही? जानती हो, जेल हो सकती है?" जेल म्हणलं अन् सीतेनं टेबलाचा काठ घट्ट धरला. मांडीवरच्या पोरीचं काय, ह्या माणसाले घास कोण भरवन, सारं तिच्या डोळ्यासमोरून फिरलं असन. साहेब वाकून इचारते, "सच बोलो। दुलीचंद कौन है?"

"भाऊ आहे साहेब माहा."

"और यह, जिसका हाथ कटा है, यह कौन है?"

चूप.

"इसका नाम क्या है?"

चूप. मागून भोजराज फुसफुसते, "सांगा ना वहिनी! आता सांगा खरं!" सांगा म्हणे! सोपं आहे! अवो, आपण दीक्षा घेऊन आलो, घरचे देव वैनगंगेत सोडले, भोजराज सभेत ओरडून सांगे का असल्या गोष्टी आता मानायच्या नाईत, अन् आपणही टाळ्या वाजवल्या. पण नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते, हे जे मायनं लहानपणी कानात घातलं, ते कसं सोडावं? भोजराजचं काय जाते? आयुष्य त भोजराजचं नाई! सीतेनं वसंताकडे पाह्यलं. त्याच्या हाताकडे पाह्यलं. अर्धा माणूस त आरा घेऊनच गेला, अन् आता हे म्हणतेत, उरलेल्यावर तू तोंडानं घाव घाल. नाई घातला त भरपाई नाई, अन् बाजूले पोलीस उभा.

"बोलो!" साहेब.

तिचे ओठ हलले. "व..." येवढंच आलं. मंग पदर तोंडात कोंबला, अन् अशी घळाघळा रडायले लागली का तो पोलीसही दुसरीकडे पाहायले लागला.

"घर में क्या कहकर बुलाती हो?" साहेबानं जरा हळू इचारलं.

"नाई बुलावत साहेब," रडता रडता म्हणते, "आपणच येतेत."

कोणी हसलं नाई आता. साहेब मागं टेकला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मले वाटलं आता जेलचं लिहिते. अन् तो वकिलाले म्हणते, "गुणाकर साहब, अभी आपने क्या फरमाया था? औरत अपने पति का नाम नहीं लेती?"

"जी."

"भाई का लेती है?"

"जी हाँ, साहब, यही तो..." अन् तिथंच वकील थांबला. तोंड उघडं ते उघडंच. त्याले कळलं ना, आपण काय पुरावा देऊन बसलो!

साहेब म्हणते, "तो यह इसका पति हुआ। आपके ही हिसाब से।" बाजूचा लिहिणारा बाबू इचारते, "साहब, चुप्पी कैसे लिखूँ?" साहेब म्हणते, "जैसी है वैसी लिखो।"

पण वकीलच तो, असा सोडते? सावरला. "ठीक है साहब, पति होगा। पर फिर यह हमारा मजदूर नहीं। हमारा मजदूर दुलीचंद है। इसे हम जानते तक नहीं।" घ्या! म्हणजे तिथंच येऊन पोचलो, जिथं भोजराज मटकन बसला होता! आता साहेब मोतीलालकडे वळला. "मुंशी, तुमने कहा मशीन पर दुलीचंद था। तो उँगलियाँ किसकी गईं?"

बोटं कोणाची! मोतीलाल घाम पुसून राह्यला. "दु... दुलीचंदची, साहेब." अन् इतक्यात मागच्या बाकावर घोंगडी हालली. अवो, भर उन्हाळ्यात घोंगडी पांघरून कोण बसलं आहे, मले वाटलं तापेचा रोगी! घोंगडी बाजूले झाली अन् उभा कोण? दुलीचंद! परसवाड्यले राहवलं नाई त्याले, सकाळच्या मोटारीनं आला होता, लपून बसला होता. बहिणीचं रडणं आयकलं अन् उठला. दोन्ही हात वर केले, पंजे फाकवले. "साहेब, दुलीचंद मी! माह्ये दहाच्या दहा आहेत, मोजून घ्या! नोकरी जाते त जाऊ द्या, पण तो हात माह्या जागेवर गेला आहे, साहेब!" अन् लहान पोरावाणी हुंदके देऊन रडायले लागला, हात वरच! भोजराज म्हणते, "खाली घे ना बे," पण तो कायचा घेते.

साहेब मोतीलालले म्हणते, "एक आखरी बार। सोचकर बोलना, अब जेल की बात तुम्हारी है। मशीन पर कौन था?"

मोतीलालनं शेठकडे पाह्यलं. शेठ छताकडे पाहून राह्यला. मोतीलालनं वकिलाकडे पाह्यलं. वकील आपल्या कागदाकडे. तवा त्याले कळलं का आपण एकटेच आहो. "वसंता होता साहेब. रोज वसंताच होता. मीच त्याले आऱ्यावर उभा केला. शेठलेही माहीत होतं, शेठच म्हणत, वसंता दुलीचंदपेक्षा चांगला सरकवते."

"वकील साहब," साहेब म्हणते, "आरे ने नाम पूछकर उँगलियाँ काटी थीं क्या?"

साहेबानं मंग सगळ्याइले झाडलं, भोजराजले झाडलं, वसंताले झाडलं, दुलीचंदले झाडलं, मलेही उगीच एकदा पाह्यलं. झाकण काढलं म्हणून शेठले त असं झाडलं का तो पहिल्यांदा छतावरून खाली आला. म्हणे, काम तुमचं, मशीन तुमची, मुन्शी तुमचा, उभा तुम्ही केला, त मजूरही तुमचाच. अन् हुकूम देला, भरपाई वसंताले. वसंताच्या नावानं! सीतेले कळलंच नाई. ते मलेच इचारते, "मावशी, जेल का वो?" मी म्हणलं, "नाई वो माय, जिंकलो!" त मटकन खाली बसली अन् पुन्हा रडायले लागली. वसंता तिच्यापाशी आला अन् त्या दोन बोटाच्या हातानंच तिचा पदर सरळ करायले लागला, जमे ना, तरी करे.

आता म्हणान सारं गोड झालं. कायचं गोड? दुलीचंदचं नाव दुसऱ्याच दिवशी कटलं, तो आता रेतीच्या ट्रकावर जाते. भरपाई भेटली, पण हात काही उगवला नाई. गुणाकर वकील बाजारात भेटला त माह्याकडे पाहून रस्ता बदलते. अन् वसंताची वेगळीच गत. पैसे घेऊन आला त्या संध्याकाळी ओट्यावर बसला होता, मी भिंतीपल्याड, कान काही बंद करता येत नाईत माणसाले. म्हणते, "सीते, महिनाभर साळ्याचं नाव नवरा म्हणून घेतलंस, भर कचेरीत तीनदा घेतलंस. आता त कोणी नाई. एक डाव माह्यं घे ना."

तव्यावरची भाकर उलटल्याचा आवाज आला. मंग सीता म्हणते, "तीन बोटं आऱ्यानं नेली ते पुरे नाई झालं का? उरलेला माणूस मी माह्या तोंडानं कमी करू?"

सरकारनं शिक्का मारून लिहून देलं आहे का हा वसंता आहे, साहेबानं मानलं, शेठनं मानलं, मोतीलालनंही मानलं... अन् घरात पाह्यलं त अजून तेच, "अवो, आयकता का? जेवून घ्या!"